सुमनचे गुडघे

"गॅसच देणार," मी सरांना ठासून सांगितलं.

सर म्हणजे आमचे सर्जन. टेबलावर पलूसची पाच वर्षांची सुमन. सत्तरचं दशक. सांगलीत मी नवा ॲनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारा डॉक्टर. मुंबईहून हॅलोथेन नावाचा गॅस द्यायला शिकून आलेलो, आणि ते सगळ्या जिल्ह्याला कळलंच पाहिजे अशा थाटात.

सुमन जन्मापासून निळी. हृदयाच्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. त्यामुळे बरंचसं रक्त प्राणवायू न घेताच अंगभर फिरायचं. हाताकडच्या रक्तवाहिनीतून सर फुप्फुसाला एक जोडरस्ता काढून देणार होते.

"केटामिनचं इंजेक्शन दे. वडिलांच्या मांडीवर बसवून," सर म्हणाले.

केटामिन हे भुलीचं औषध तेव्हा नवं. त्यातून उठताना माणसं काहीबाही बडबडतात म्हणून माझ्या मनातून उतरलेलं. शिवाय सुईनं पोर रडेल, आणि अशा पोराला रडवायचं नसतं. एवढं पुस्तक मला पाठ. म्हणून मी तिच्या तोंडावर रबराचा काळा मास्क धरला.

पोरीनं थिएटर डोक्यावर घेतलं. सिस्टरनी हात धरले. मी पाय सरळ धरायला लावले. ओठ जांभळे झाले, मग काळे. मग रडणं थांबलं. ते जास्त वाईट.

दार धाडकन उघडलं. सुमनचे वडील, फौजेतून रजेवर आलेले.

"आवं डाक्टर, पाय कशाला ताणताय तिचं? उकिडवी बसवा तिला!"

"तुम्ही बाहेर व्हा."

"भाईर न्हाई आन् बिईर न्हाई!"

त्यांनी तिला उचललं, मांडीवर घेतलं, गुडघे छातीशी दाबले. "बस सुमे. दम खा. बांधावर बसतीस न्हवं, तशी."

"करू दे त्यांना," सर म्हणाले. मी मुकाट्यानं ऑक्सिजन धरला. हळूहळू ओठ काळ्याचे जांभळे झाले.

गुडघे दुमडले की पायांकडचं रक्त अडतं, अंगातला दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाच्या वाटेला लागतं. हॅलोथेन तो दाब उतरवतं, केटामिन टिकवतं. परीक्षेत हे उत्तर मी आकृतीसकट लिहिलं होतं.

"मग, काय देतोस?" सरांनी विचारलं.

"केटामिन."

"वा! तुलाच सुचलं."

वडिलांच्या मांडीवर असतानाच तिला सुई दिली. सुमन एकदाच कण्हली. त्यांनी टोचल्या जागी फुंकर घातली. थोड्या वेळानं मी म्हणालो, "झोपली."

"न्हाई वो. बघतीया माज्याकडं."

"या औषधात डोळे उघडेच राहतात. तिला काही दिसत नाही."

ते उठेनात. "जरा बसतो. बघतीया तवर."

सर हात धुऊन उभे होते. तेही थांबले.

जोडरस्ता चालला. दुपारी सुमनची नखं गुलाबी झाली. शुद्धीवर येताना ती बडबडली, पण मोजकंच. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो मानूस नगं."

त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं.

पुढे प्रत्येक निळ्या मुलाच्या कागदावर वजनाच्याही आधी मी एक प्रश्न लिहायचो: घरी दम लागला की हे काय करतं? आईबापांना उत्तर ठाऊक असतं. आपण विचारलं, तर त्यांना दार ढकलून आत यावं लागत नाही.