दसऱ्याला काळा पडलेला पडदा

दसऱ्याच्या सकाळी मी देवीशी चक्क भांडले. अंधेरीच्या आमच्या चाळीतल्या देवळात बसून, मनातल्या मनात, पण कडकडून. मुलुंडच्या हॉस्पिटलात आईला हृदयाच्या ऑपरेशनला नेणार होते आणि तिची एकच मागणी होती, "आत नेण्याआधी मला देवीचं तोंड बघू दे गं." गाभाऱ्यातला कॅमेरा नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपला चित्र पाठवतो आणि तिथून आम्ही दरवर्षी पूजा लाइव्ह दाखवतो. नेमका आजच पडदा काळाठिक्कर! वाट लागली होती माझी.

केबल बदलली, राउटर बंद-चालू केला, कॅमेऱ्याला हात जोडले. काही नाही. व्हिडिओ कॉल लावला, तर आईला गर्दीची टाळकी दिसली. गाभाऱ्यात मोबाइल न्यायला बंदी. तिच्या उशाशी बसलेला भाऊ सारखा विचारत होता, "झालं का गं? स्ट्रेचर आणतायत." शेवटी मी हात टेकले. देवीला म्हटलं, "माझी अक्कल संपली. आता तुझं तू बघ, बाई."

तेवढ्यात ओटी भरायला आलेली एक अनोळखी बाई रांगेतून वाकून लॅपटॉपकडे बघायला लागली. "लाइव्ह अडलंय? मी स्टुडिओत हेच करते," म्हणाली, नि हातातला नारळ माझ्या मांडीवर ठेवून खाली बसलीसुद्धा. सॉफ्टवेअर उघडून तिने विचारलं, "नेटवर्क व्हिडिओचं प्लगिन कुठाय? त्याच्याशिवाय कॅमेरा दिसणार कसा? उडवलंस काय?"

मी कपाळावर हात मारला. दसऱ्याला आम्ही आपापली हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडतो. माझं हत्यार लॅपटॉप. आदल्या दिवशी तो पुसला आणि उत्साहाच्या भरात आतलंही 'नको ते' साफ करून टाकलं! हे सांगितल्यावर ती खळखळून हसली. "भलतीच भक्त आहेस गं तू! बरं झालं, देवीला नाही उडवलंस."

प्लगिन पुन्हा टाकलं, तरी काळोखच. "त्याच्या जोडीचं सॉफ्टवेअरही गेलंय. तेही टाक, मग सगळं बंद करून उघड." ती सांगत गेली, मी करत गेले. आणि आली की हो! मळवट, नथ, हिरवा शालू, अख्खी देवी पडद्यावर लख्ख! मी आनंदाने ओरडलेच. वळून बघते, तर बाई नारळ उचलून रांगेत पुढे गेलेली.

लगेच गाऱ्हाणं सुरू झालं. आमच्याकडे म्हातारे तात्या मालवणीत देवीला साकडं घालतात आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. भाऊ फोनवर होताच, तो फोन मी माइकजवळ धरला; तिकडे आई लाइव्ह बघत होती. "आमच्या ह्या लेकीचा ऑपरेशन सुखरूप पार पाड गे माये!" तात्या म्हणाले. देऊळ गरजलं, "व्हय म्हाराजा!" लाइव्ह थोडं मागून पोचतं. म्हणून सगळे गप्प झाल्यावर फोनमधून आईचा आवाज एकटाच आला, थकलेला पण ठाम, "व्हय म्हाराजा!"  मग प्रत्येक वाक्यानंतर तात्यांसकट सगळे थांबत राहिले, आईची साथ ऐकू येईपर्यंत. 

आई सुखरूप घरी आली. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही, याची चुटपुट आहे. पण पाठवणारीचं नाव मला ठाऊक आहे. 'माझ्यानेच होईल' हा हेका सोडला, तेव्हा कुठे मला शेजारी उभं असलेलं माणूस दिसलं. आई म्हणते, आत नेताना भीती अशी वाटलीच नाही. सगळं देऊळ तिच्यासाठी थांबलेलं तिने ऐकलं होतं.