पत्रिकेतून गळालेला कालदंष्ट्र

खलनायक तयार करायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्याची गोष्ट सांगितली आणि सहाव्या दिवशी तो मेहकरला गाडी बदलून आमच्या घरी आला.

त्याचं असं झालं. माझी मुलगी सई पुण्यात शिकते. मे महिन्यात ती सुट्टीला बुलढाण्याला आली, ती एक नवा खेळ घेऊन. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं (कुणी योद्धा, कुणी जादूगार), आणि एकानं गोष्ट सांगत बाकीच्यांना संकटात टाकायचं. संकटातून सुटका होते की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणारा तो सूत्रधार. आता मी बावीस वर्षं शिक्षिका आहे आणि शाळेच्या दर संमेलनाचं नाटक मीच लिहिते. (प्रेक्षकांची अडचण येत नाही, त्यांना हजेरी सक्तीची असते.) तेव्हा सूत्रधार कोण, हा प्रश्नच नव्हता!

मी ताबडतोब एक खलनायक लिहिला. कालदंष्ट्र! गावं जाळतो, रक्त पितो, हसतो. सईनं वाचून नाक मुरडलं.

"का जाळतो हा गावं?"

"दुष्ट आहे म्हणून."

"आई, आजकाल कुणी दुष्ट नसतं गं. सगळे आतून दुखावलेले असतात. त्याचं दुःख ऐकून आपल्याला रडू आलं पाहिजे."

"रडू आल्यावर मारणार कोण त्याला?"

"तीच तर शोकांतिका!"

(पुण्यात हे शिकवतात. आणि आम्ही इकडे, पोरगी वेळेवर जेवते का, याची काळजी करत बसतो.)

आतून दुखावलेला माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या नात्यातच एक तयार होता. पुंडलिकमामा, म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. राहायला बीबीला. अकरा वर्षांपूर्वी माझ्या नणंदेचं लग्न झालं. पत्रिकेत सगळ्या चुलत्यांची, आत्यांची नावं होती. 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' असं म्हणणाऱ्या सईचंही नाव होतं. नव्हतं फक्त पुंडलिकमामांचं. नवरीच्या सख्ख्या मामाचं! तरी मामा लग्नाला आले. मंगलाष्टकं होईपर्यंत नवरीच्या मागं उभे राहिले, मामाचं कर्तव्य केलं आणि पाण्याचा घोटही न घेता मांडवातून निघून गेले. ते गेले ते गेलेच. सासूबाईंनी पोस्टानं पाठवलेली राखी परत आली. आम्ही सगळ्यांनी छापखानेवाल्याला इतकी दूषणं दिली की आमच्या ह्यांनी पुढं वास्तुशांतीची पत्रिका चिखलीला जाऊन छापून आणली.

म्हटलं, दुःख असावं तर असं! मी कालदंष्ट्राला राजाचा मेहुणा केलं. राजकन्येच्या स्वयंवराच्या आमंत्रणातून त्याचं नाव गळतं, तो काळ्या पर्वतावर जातो आणि जादू शिकतो. कुणाला काही ओळखू येऊ नये याची पुरेपूर काळजी घेतली. बीबीच्या जागी काळा पर्वत लिहिला आणि मामांच्या टोपीच्या जागी शिंगं.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपून आम्ही खेळायला बसलो. सई धनुर्धारी होती. आमचे हे योद्धा. (नोकरी सरकारी कचेरीत, त्यामुळे राक्षस दिसला की आधी त्याचं म्हणणं लेखी मागायचे.) सासूबाई वैद्यीण झाल्या होत्या आणि जखम कुठलीही असो, हळद भरत होत्या. खलनायकाच्या नावावर त्यांचा आक्षेप होता. "दात किडले काय त्याचे, असं काऊन नाव ठेवलं?"

शेवटी तिघं काळ्या पर्वतावर पोचले. ह्यांनी फासा टाकला. एकोणीस! तलवार उगारली गेली. तेवढ्यात मी आवाज जड करून कालदंष्ट्राचं दुःख सांगायला सुरुवात केली. सासूबाईंचा हळदीचा हात थांबला.

"मांडवात आला, पन पानी नाही घेतलं त्यानं?"

"नाही घेतलं."

"तसाच गेला?"

"तसाच."

"अवं माय! हा तं आपला पुंडलिक आहे!"

"आई, तो राक्षस आहे," हे म्हणाले. "आन् मले एकोनीस पडले."

"एकोनीस पडू दे नाही तं नव्वद! मामाले मारशीन काय बे?"

त्यांनी फासा उचलून पानाच्या डब्यात टाकला आणि अकरा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. भावाला फोन लावला.

"पुंडलिक, मी बाई बोलून राह्यली. सुनेनं तुयावर गोष्ट लिहली. तुले शिंगं लावले तिनं."

पलीकडून आवाज आला, "किती?"

"काय किती?"

"शिंगं."

"दोन."

फोन कट!

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मामा दारात. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात पिशवी. सासूबाई पाणी घेऊन आल्या. मामांनी पेल्याकडं पाहिलंही नाही. दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि मला म्हणाले, "वाच."

"मामाजी, तो आपला पोरांचा खेळ..."

"वाच म्हनतो ना."

मी वही आणली. वाटलं, दोन पानांत हे उठून जातील आणि पुन्हा अकरा वर्षं येणार नाहीत. पण मामा ऐकत होते! मान खाली घालून, एकेक शब्द. मध्येच फक्त दुरुस्त्या.

"मांडवात रडला म्हनतं? तो रडला नाही. डोळ्यात अक्षता गेली होती."

"हो मामाजी."

"फौज किती त्याची?"

"चाळीस हजार राक्षस."

"कमी आहेत."

मी साठ केले. इतकं मन लावून माझं लिखाण आजवर कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या वर्गात तर दुसऱ्या वाक्यालाच कुणीतरी पाणी प्यायला जायची परवानगी मागतो. मला चढत गेली. पानं उलटत गेली, तशी मी आवाज बदलू लागले, हातवारे करू लागले. मामा खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "मंग? पुढं काय झालं?"

इथं मी वही मिटायला हवी होती. मिटली नाही. शेवटचं पान मी शेवटच्या डावासाठी राखून ठेवलं होतं. ते वाचलं.

"खरं काय ते फक्त राजाचा लेखनिक जाणत होता. आमंत्रणाचा मजकूर एका ओळीनं जास्त होत होता. म्हणून त्यानं खालून चौथं नाव काढून बाजूला लिहून ठेवलं, वरच्या ओळीत घालू म्हणून. इतक्यात चुलीवरचं दूध उतू गेलं. तो धावला आणि विसरून गेला. पुढं सगळ्यांनी आमंत्रण कोरणाऱ्या कारागिराला दोष दिला, तेव्हा लेखनिक भीतीनं गप्प बसला. तो आजही गप्प आहे."

मी दाद मिळेल म्हणून वर पाहिलं.

"आई, कसलं खरं वाटतं गं हे!" सई म्हणाली. "लेखनिक, दूध... सुचलं कसं तुला?"

"सुचतं," मी म्हटलं.

आमचे हे मात्र छताकडं बघत होते. सरकारी माणसाला जुनी फाईल आठवायला लागली की तो असाच बघतो.

"पत्रिकेचं प्रूफ तपासाले घरी आनलं होतं," ते सावकाश म्हणाले. "कोनं तपासलं होतं वं ते?"

"छापखानेवाल्यानं..."

"घरी. आपल्या सैपाकघरात."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्या दिशी दूध उतू गेलं होतं. ओटा म्याच पुसला होता."

चार माणसं माझ्याकडं बघत होती. वहीत तोंड लपवावं म्हटलं, तर वहीतच सगळं लिहिलेलं!

"मामाजी," मी म्हटलं, "नाव मीच गाळलं. चुकून. मग सगळे इतके चिडलेले पाहून सांगायची हिंमत झाली नाही."

मामा उठले. मला वाटलं, निघाले. पण ते बहिणीकडं वळले.

"म्हंजे बाई, तू नाही काढाले लावलं?"

"म्या? म्या काऊन काढाले लावीन?"

"ते स्थळ मले पसंत नव्हतं. मी तसं बोललो होतो. मले वाटलं, तू त्याचा राग काढला."

"आन् मले वाटलं, तू नावासाठी रुसला."

"नावाले काय चाटू काय मी?" मामांचा आवाज फाटला. "तुह्या मनातून उतरलो, असं वाटलं मले."

पेला सासूबाईंच्या हातातच होता. तो त्यांनी पुढं केला. मामांनी घेतला, रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला. सासूबाईंनी तो भरून दिला. दोघांचेही डोळे भरले होते. ह्या वेळी अक्षता कुणी टाकल्या नव्हत्या.

म्हटलं, केवढी ताकद असते बघा साहित्यात! आणि मी ते बोलूनही दाखवलं. "एका परीनं माझ्या गोष्टीमुळंच तुम्ही दोघं..."

पुढचं वाक्य मला पूर्ण करता आलं नाही, कारण चौघांपैकी एकाचाही चेहरा ते पूर्ण करण्याजोगा नव्हता.

मामा आठ दिवस राहिले आणि रोज खेळले. कालदंष्ट्राला कुणी मारलं नाही. तो आता ह्यांच्याच बाजूनं लढतो. मामा बीबीला परतले, सई पुण्याला गेली, तरी दर रविवारी फोनच्या पडद्यावर सगळे जमतात. सूत्रधार सई आहे. मला एकमतानं काढून टाकलं आणि मोठ्या मनानं एक पात्र दिलं. वेशीवरचा मुका पहारेकरी! बोलायचं नाही. लिहायचं तर अजिबात नाही.

गेल्या रविवारी मला पहिल्यांदाच फासा टाकायला मिळाला. एक पडला. पहारेकरी स्वतःच्याच भाल्यात पाय अडकून पडला आणि जागीच मेला. सईनं गंभीर आवाजात विचारलं, "कुणाला पहारेकऱ्याला काही शेवटचं सांगायचंय?"

सासूबाईंनी जरा विचार केला.

"मोकळाच झाला तं चहा ठेव म्हना."