बाईजाच्या तवशाला नोटीस

डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यात बाईजाची साठ वर्षं गेली. तिनं भात लावलं, नाचणी कापली, दोन घोणशी मारल्या आणि एकदा तलाठ्याला नुसतं चहावर वाटेला लावलं. पण आपलं घर नीट ठेवायला कुणाची परवानगी लागते, हे तिला वाशिंदला आल्यावर कळलं.

पाड्याजवळची माळाची जमीन विकून तिचा लेक किशोर यानं वाशिंदला जोडघरांच्या सोसायटीत घर घेतलं. जमीन आईची, म्हणून घरही आईच्या नावावर. सोसायटीचं नाव हिरवाई. हिरवाईत हिरवं काय आणि किती असावं याचं सहा पानी पत्रक होतं. गवत चार बोटांच्या वर जाता नये, भिंतीला सायीचाच रंग हवा, बाहेर सूप-टोपली दिसता नये. कलम नऊ, खिडकीला काही टांगता नये. टांगलेलं दिसलं तर खिडकी ज्याची त्यानं उत्तर द्यावं. आणि कलम चौदा, दर्शनी भिंतीवर वेल चढता नये.

सुनेनं, योगिनीनं, सगळं वाचून दाखवलं. बाईजानं सुपारी कातरत ऐकून घेतलं.

"मग तवसं कुठं चढल?"

"चढायचंच नाय, आई."

"नि गौरीच्या पानात काय वाढशील? कलम चौदा?"

योगिनीनं पत्रक मिटलं. त्या घरात गौरीच्या निवेदाला आपल्याच वेलाचं पहिलं तवसं, म्हणजे पावसाळी मोठी काकडी, लागतं. चांगलं हातभर लांब, पिवळं पडत आलेलं, आणि तोवर त्या वेलाला विळा लागलेला चालत नाही. बाजारातली काकडी आणली तर गौर मान वळवते, असं बाईजाची सासू सांगायची. बेचाळीस गौरी बाईजानं अशा काढल्या. किशोर पोटात असताना, आठव्या महिन्यात, वेलाला पाणी घालायला ती विहिरीवर जायची. त्रेचाळिसावी गौर एका पत्रकापायी मान वळवून बसणार, हे तिच्या डोक्यात शिरेना.

तिनं रंगाच्या रिकाम्या डब्यात बी टोचलं. वेल उगवला, आणि त्याला काय वाचता येत होतं थोडंच. पाइपावरून चढला, छज्ज्यावरून सरपटला आणि शेजारच्या शेखरच्या खिडकीची जाळी धरून थांबला. पहिलं तवसं लागलं ते तिथं, जाळीला लोंबत. हा शेखर म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी.

नोटीस आली. सात दिवसांत वेल काढावा. गौर वीस दिवसांवर होती.

पण नोटिशीलाही नियम होता. दोष घरमालकाला जागेवर दाखवायचा, मग त्याची सही घ्यायची, आणि सही झाली की सात दिवस मोजायचे. म्हणून रविवारी सकाळी शेखर फाइल घेऊन आला. बरोबर खजिनदार चंदर, मुरबाडकडचा, पिकल्या मिशांचा.

"मावशी, हे बघा," म्हणून शेखरनं बोट उचललं.

बाईजानं ते बोट हवेतच धरलं. "कवळ्या फळाला बोट दाखवतंस? कुजल ना रे ते. आयशीनं शिकवलं नाय काय तुला?"

शिकवलं होतं. शेखर मूळचा म्हसा गावाजवळचा. आठ वर्षांचा असताना त्यानं परड्यातल्या भोपळ्याला बोट दाखवलं होतं, भोपळा तिसऱ्या दिवशी सडला होता, आणि आयशीनं त्याला दहाच्या दहा बोटं चावायला लावली होती. मधल्या काळात कॉलेज झालं, हापिस झालं, सेक्रेटरीपद झालं. पण बोट विसरलं नव्हतं. ते आपलं आपणच खाली आलं.

"चाव," बाईजा म्हणाली.

हिरवाई सोसायटीच्या सेक्रेटरीनं खजिनदारादेखत बोट चावलं.

"दाखवल्याबिगर सही घेता येत नाय," चंदर फाइलीत बघत म्हणाला.

"मग तुमी दाखवा, चंदरशेट," शेखर म्हणाला.

चंदरनं हात पाठीमागं बांधले. "मी खजिनदार. दाखवायचं काम सेक्रेटरीचं."

शेखरनं बोटाऐवजी पेन पुढं केलं. "पेन कशात धरलंस? बोटांतच ना," बाईजा म्हणाली. त्यानं कोपर वर केलं. बाईजानं विचारलं, खांदा दुखतो काय, तेल लावू? मग तो नुसता डोळे मोठे करून वर बघत राहिला. बाईजानंही वर बघितलं. ढग आलेले होते, ती तसं म्हणाली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, पण नियमात 'जागेवर' होतं, म्हणून तो चालला नाही. बाईजाला ते भारीच लागलं. फोटो म्हणजे तर चार गावांची दृष्ट. तिनं काजळी धरलेलं मडकं काढलं, त्यावर चुन्याचे ठिपके दिले, एक तुटकी चप्पल शोधली, आणि शेतात बांधतात तसं दोन्ही तवशाशेजारी बांधून टाकली. म्हणजे शेखरच्या जाळीला.

आता कलम नवाप्रमाणं उत्तर शेखरनं द्यायचं होतं. शेखर नियमाचा माणूस. त्यानं स्वतःला नोटीस लिहिली, बाहेर जाऊन स्वतःच्या दाराची बेल वाजवली, आत येऊन ती घेतली, आणि दोष जागेवर बघायला पुन्हा बाहेर जाऊन उभा राहिला. मडकं तवशाला चिकटूनच होतं. एकाला बोट दाखवावं तर दुसऱ्याला लागायचं.

आतून त्याची बायको अनिता म्हणाली, "काय करताय तिथं?"

"दोष बघतोय."

"दिसला?"

"दिसला गो."

"मग दाखवा की घरमालकाला."

"कुणाला?"

"तुम्हालाच." पण तीही गौरीवाल्या घरची. खिडकी पुसायला आली तेव्हा तवशाखाली एक जुनी दोरीची शिंकाळी अडकवून गेली. देठावर भार नको म्हणाली.

शेवटी कमिटीनं ठरवलं, सही राहू दे, माळ्याकडून वेल कापून घ्यायचा. माळी कमळू विळा घेऊन आला, छज्ज्याखाली उभा राहिला, वर एकदा बघून त्यानं मान खाली घातली.

"कुठला कापू, साहेब?"

"हाच."

"हाच म्हणजे कुठला? दाखवा. मी दाखवल्याबिगर कापत नाय, मागं एकदा कुणाची तरी जास्वंद गेली होती."

शेखरचा हात खिशातून अर्धा वर आला. बाईजा पायरीवर उभी राहून त्या हाताकडं बघत होती. हात परत खिशात गेला. कमळूनं चार बोटांवर वाढलेलं गवत कापलं आणि तो घरी गेला.

गौर आली. तेरड्याची गौर, मुरके मारत. बाईजानं स्वतः शिडीवर चढून तवसं उतरवलं. मनगटाएवढं जाड, पिवळं, कुठं डाग नाही. निवेद झाला, आणि मगच तिनं विळीवर ते चिरलं. एक फोड शेखरकडं गेली. त्यानं ती मीठ लावून खाल्ली आणि फाइलीला हात लावला नाही.

गौरी गेल्यावर बाईजानं त्याची बेल वाजवली.

"चल, दाखव आता. वेल मोकळा झाला."

शेखरनं वेलाला बोट दाखवलं. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या हाताचंही दाखवलं. चंदर धावत आला, त्यानंही दाखवून घेतलं. बाईजानं सही केली आणि त्यांच्यासमोरच वेल ओढून काढला. तो तसाही वाळत आला होता.

फाइल मिटताना शेखरची नजर बाईजाच्या सायीच्या रंगाच्या भिंतीवर गेली. पुढच्या सालाचं बियाणं राखेत नि शेणात कालवून तिनं दाराशेजारी थापलं होतं, ताटाएवढं.

शेखरचा हात उठला.

"बियाण्याला पण लागतं," बाईजा म्हणाली.

त्यानं हात खिशात घातला.