शेंदराचे दोन ठिपके

लग्न होऊन टेंभुर्णीजवळच्या त्या गावात गेले तेव्हा घरात माणसं चारच होती. हे, यांचे थोरले भाऊ, माझ्या जाऊबाई आणि मी. पाचवी होती गाडी. लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. गावात तिला ‘मिलटरी’ म्हणत. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाड्या रुतून बसायच्या, तिथून ही पोत्यांसकट डुलत डुलत बाहेर यायची.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. आता आठवायला बसले की आधी चेहरे येत नाहीत, तिची घरघर येते. दुपारी अंगणात तूर निवडत बसलेली असताना पार शिवेवरून तो आवाज ऐकू यायचा आणि माझे हात आपोआप सैल पडायचे. अर्धी झोप, अर्धी जाग, सुपातली तूर, आणि उन्हातून तरंगत येणारी ती घरघर. किती वेळ जायचा कुणास ठाऊक. जाऊबाई आतून हाक मारायच्या, “धाकले, झोपलीस का गं?” मी म्हणायचे, नाही. आणि खरंच झोपलेली नसायचे.

थोरल्या दिरांशी मी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरापुढे पदर ओढून घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. काही सांगायचंच असलं तर जाऊबाईंना सांगायचं. चार वर्षांत त्या माणसाशी माझा एक शब्द झाला नव्हता. मला या रितीचा राग यायचा. मी सातवीपर्यंत वर्गात गणितात पहिली, फळ्यासमोर उभी राहून पाढे म्हणणारी, आणि इथे “जेवायला वाढू का” एवढंही विचारायची सोय नाही. पण सासू-सासरे लवकर गेलेले. यांना थोरल्या भावानं खांद्यावर खेळवून वाढवलेलं. त्या माणसाचा मान मोडावा असं मला कधी वाटलं नाही.

त्या साली ऐन पावसाळ्यात चिखलात गाडीच्या मागच्या आसातले दात मोडले. दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याला डिफरेन्शियल म्हणतात. त्यात क्राऊन नावाचं एक मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला फिरवणारं एक छोटं, पिनियन. असा एक गोळा मागे, एक पुढे. दिवाळीनंतर थोरले दीर जालन्याला जाऊन, मस्तगडच्या बाजूला राहणाऱ्या एका भंगारवाल्याकडून, पुढचे-मागचे दोन्ही संच पोत्यात घालून घेऊन आले. पुढचेही झिजलेच होते, एकदाच काय ते बदलून टाकू म्हणाले. मागचा संच त्यांनी बसवला, पुढचा यांनी.

रस्त्यावर गाडी झकास चालली. भोकरदनला जाऊनही आली. मग पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला, आणि गाडीचं काहीतरी बिनसलं. अंगणातल्या अंगणात ती कण्हायला लागली. हादरे देत चालायची, वळायला बघायची नाही, आणि ओढलेला दांडा पुन्हा सुटायचा नाही. माझी ओळखीची घरघर कुठे गेली कळेना.

“तू पुढचं बराबर बसवलं न्हाई,” थोरले दीर म्हणाले.

यांनी गोळा उघडला. शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या दातांना लावला, चाक हातानं फिरवलं. पिनियनचा दात जिथे टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि खूण दिसते. खूण दाताच्या बरोबर मधोमध होती. म्हणजे बसवणूक चोख. हे म्हणाले, “दादा, बघ की. बराबर हाय.” दादा म्हणाले, “मंग गाडी रडून का राह्यली?”

दुसऱ्यांदा उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं. प्रत्येक वेळी शेंदूर मधोमध, आणि प्रत्येक वेळी गाडी तशीच अडायची. तिसऱ्या वेळी यांच्या तोंडून निघून गेलं, “तूच भंगार उचलून आणलं आसंल.” दादांनी हातातला पाना खाली ठेवला. आदळला नाही, नीट ठेवला. त्याचीच मला भीती वाटली. म्हणाले, “संक्रांत होऊ दे. मंग आपापलं बघू.”

आपापलं बघू म्हणजे वाटणी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. लोकांना शेताची वाटणी दिसते. मला एकच दिसत होतं, जाऊबाई भिंतीपलीकडे जाणार. माहेरी मला बहीण नव्हती. या बाईनं मला तेल लावून न्हाऊ घातलं होतं, माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा तीन दिवस माझ्या उशाशी बसली होती. भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आम्ही दोघी चुलीशी बसायचो आणि आमच्याही बोलण्याला काही सूर लागायचा नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी गाडी अंगणाच्या कडेला घ्यायची ठरली. बॅटरी उतरली होती, म्हणून पुढे बैल जुंपले. हे बैलांपाशी, थोरले दीर स्टिअरिंगवर. पुढच्या चाकांचा दांडा कसाबसा सोडवलेला. मी नेहमीच्या जागी, जमिनीवर, मांडीवर सूप घेऊन. थंडीतलं कोवळं ऊन पाठीवर होतं, डोळे मिटत होते.

गाडी हलली. उभ्या माणसाला गाडीचं पोट दिसत नाही. बसलेल्या बाईला दिसतं. इंजिनाकडून एक शाफ्ट पुढच्या गोळ्याकडे जातो, एक मागच्या. दोन्ही शाफ्ट खोलून पुन्हा जोडताना यांनी खुणेसाठी शेंदराचं बोट लावलं होतं. ते दोन ठिपके फिरत होते. बैलांच्या चालीनं, संथ, खाली-वर, खाली-वर. मी बघत राहिले. सुरुवातीला दोन्ही एकदम वर आले. मग मागचा जरासा पुढे गेला. मग आणखी जरा. मग एक वर असताना दुसरा खाली. मला वाटलं, डोळ्यांवर झापड आली. पण चाक तीन वेळा फिरलं आणि ठिपके पुन्हा एकदम वर आले. आणि पुन्हा हळूहळू एकमेकांना सोडून निघाले.

किती छान दिसत होतं ते! आधी तेवढंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग एकदम झोप उडाली. चाकं सगळी सारख्याच उंचीची. जमीन तीच. मग शाफ्टचे फेरे सारखे का नाहीत? गोळ्यांतल्या दातांचा हिशोब वेगळा असेल तरच. दोन्ही शाफ्ट आपापले फिरतात तोवर चालेल. दांडा ओढून दोघांना एकत्र बांधलं की एक म्हणणार जल्दी चल, दुसरा म्हणणार थांब. गाडी रडेल नाहीतर काय?

कुणाची बसवणूक चुकली नव्हती. जोडी चुकली होती. आणि जोडी आणली होती थोरल्या दिरांनी.

यांना सांगणं सोपं होतं. पण मी यांना ओळखून होते. हे ताडकन उठून भावाला सुनावणार, बघ, मी म्हणत न्हवतो? आणि मग संक्रांतीचीही वाट कुणी बघणार नाही. दादांना ते स्वतःच सापडायला हवं होतं. मी जाऊबाईंना गाठलं, सगळं सांगितलं, म्हटलं, तुम्ही भाऊजींच्या कानावर घाला.

त्या पीठ मळता मळता थांबल्या. “मला त्या दातांतलं काय कळतंय? मी सांगन एक आन् ते समजतील दुसरं. तूच सांग.”

“मी? मी कसं बोलू?”

“मंग बैलाला सांग,” म्हणाल्या आणि पुन्हा मळायला लागल्या.

थट्टाच केली होती त्यांनी. मी मात्र खरंच गेले. सकाळी हे रानात गेलेले, थोरले दीर दावणीशी पेंड घालत होते. मी पदर नाकापर्यंत ओढला, बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि बैलाला म्हटलं, “पुढचे दात मोजावेत. मागचे पण मोजावेत. दोन्हीकडचे शाफ्ट सारखे फिरत नाहीत. काल मी खालून बघितलं.” माझा आवाज मलाच परका वाटला. “यांना सांगितलेलं नाही,” एवढं शेवटी जोडलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. पेंडीचा हात तसाच हवेत. मग ते घमेलं ठेवून निघून गेले.

दिवसभर मी मेल्यात जमा होते. दुपारी त्यांनी एकट्यानंच मागचा गोळा उघडला. मी आतून फटीतून बघत होते. बोट एकेका दातावर ठेवून मोजताना त्यांचे ओठ हलत होते. मोजून झालं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग नुसतेच बसून राहिले.

हे रानातून आले तसे दादांनी हाक मारली. भांडणानंतर पहिल्यांदा. “पुढचं खोल आन् दात मोज.”

यांनी कपाळाला आठ्या घालत उघडलं. “पिनियन सहा. क्राऊन एकोणचाळीस.”

“मागचं पिनियन सहाच. क्राऊन एक्केचाळीस,” दादा म्हणाले. “चूक माही हाय. त्यो म्हणला एकाच गाडीचं हाय, मी न मोजता उचलून आणलं. तू बराबर बसवलं होतं.”

आता हे काय बोलतात? पण दादांचं संपलं नव्हतं.

“आन् हे मला सापडलेलं न्हाई. धाकलीनं सांगितलं.”

मी इतकी आडून आडून त्यांना वाट काढून दिली होती. कुणाला कळलं नसतं. त्यांनी ती घेतली नाही. दाराच्या फटीशी उभ्या उभ्या मला घळघळा रडू आलं.

हे कितीतरी वेळ शेंदरानं माखलेले हात पुसत राहिले. हाताचा शेंदूर तसाच. रागानं बोलायला तयार करून ठेवलेलं सगळं यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते एकेक करून विरत गेलेलंही मला दिसलं. अखेरीस खाली बघतच म्हणाले, “मंग दादा, आता पुढचं बदलायचं का मागचं?”

“पुढचं,” दादा म्हणाले. “उद्या दोघं जाऊ जालन्याला.” आणि मग आतल्या दाराकडे तोंड करून, सरळ मला, “बाई, तू बी चल. मोजायला.”