पळसाखालचा देव आणि आईची कट्टी

गेल्या श्रावणात बाबा गेले आणि आईनं देवाशी कट्टी केली.

कट्टी हा माझा शब्द. तिचं म्हणणं एवढंच, की "माझं त्याच्याशी आता काही काम नाही." दिवस-कार्य उरकल्यावर तिनं देवघरातले सगळे देव खाली उतरवले, चिंचेनं लख्ख घासले, कोरड्या फडक्यात नीट गुंडाळले आणि देवघराची दारं लावून टाकली. रागातसुद्धा तिनं देव कळकट ठेवले नाहीत. मावश्या, आत्या, शेजारच्या काकू सगळ्यांनी समजावून पाहिलं. आई सगळ्यांना चहा पाजायची, ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी देवघराच्या बंद दारावर पंचाच वाळत घालायची.

मी फार धार्मिक बाई नाही. पण पहाटे घंटीच्या आवाजानं जागं व्हायची चाळीस वर्षांची सवय. घर एकदम मुकं झालं होतं. त्याहून मला छळत होतं ते हे, की ज्या देवाशी ती रोज तासभर बोलायची, भांडायची, तक्रारी करायची, तोच दाराआड गेल्यावर ती कोणाशीच बोलेनाशी झाली होती. माझ्याशी बोलायची ते भाजी, गॅस आणि औषधं. बाबांचं नावसुद्धा नाही.

फाल्गुन लागला. चिकलठाण्याला ऑफिसला जाताना विमानतळाच्या भिंतीपलीकडे एक पळस फुललेला दिसला. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता सहज बोलून गेले, तर आईचा हात थांबला.

"पळस फुलला? मग जायला लागंल."

आता ही भानगड सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बाबा आयुष्यात कधी देवळाची पायरी चढले नव्हते. ते त्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाले, "मंजू, मी नवस बोललोय. ही बरी झाली तर पळस फुलल्यावर पळसाखालच्या देवाला पुरणपोळीचा नैवेद्य." हा देव त्यांना ठाऊक होता, कारण नोकरीची काही वर्षं त्यांनी कन्नडला काढली होती. आई बरी झाली. पुढच्या पळसाला बाबाच अंथरुणावर होते. नवस राहून गेला.

"देवासाठी नाही चालले मी," आईनं पिठाचे हात झटकत बजावलं. "मला ठेवलं आणि ह्यांना नेलं, त्याला काय निवद दाखवायचा? पण ह्यांनी शब्द दिलाय. तो अर्धवट नाही ठेवायचा."

तर अशी ही आमची सहल ठरली. एका बाजूनं नवस, दुसऱ्या बाजूनं बहिष्कार.

शनिवारी उजाडताना निघालो. पहाटे उठून आईनं पुरण घातलं होतं, त्यामुळे गाडीत वेलदोडा आणि जायफळाचा असा घमघमाट, की छावणी ओलांडायच्या आतच मला भूक लागली. डब्याला हात लावायची सोय नव्हती. कन्नडला जायला नवा हायवे आहे, गुळगुळीत आणि कंटाळवाणा. तुम्ही वसंत बघायला निघाला असाल तर जुना दौलताबादचा रस्ता घ्या. किल्ल्याच्या अलीकडे जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते, समोरून ट्रक आला की दोन्ही बाजूंनी हॉर्नची मैफल जमते. पण तिथं थांबावं लागतं म्हणूनच तटाच्या भेगांतून उगवलेल्या पिंपळाची तांबूस, कोवळी पालवी दिसते. पुढे रस्त्याकडेला पाटीत पानं अंथरून अंजिरं विकायला बसलेल्या बाया. आईनं अर्धा किलो अंजिरं घासाघीस करून घेतली आणि शेवटी दोन वर मागून घेतली. मला बरं वाटलं. घासाघीस करणारी आई मी बऱ्याच महिन्यांनी बघत होते.

खुलताबादला भद्रा मारुतीपाशी मी मुद्दाम गाडी हळू केली. हा मारुती निजलेला आहे, हे तुम्हाला माहीत असेलच.

"उतरायचं?"

"झोपलाय ना तो? झोपू दे. झोपल्याला कशाला उठवायचं."

वेरूळला घृष्णेश्वराचा कळस दिसला, तेव्हा आईला नेमकं दुसऱ्या बाजूच्या उसात काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मी हसू दाबलं आणि गिअर बदलला.

कन्नडला बसस्टँडसमोर पोहे खाल्ले. पोहे साधे, पण वर ताजा कांदा आणि मिरचीचा खर्डा, दोघींचे मिळून शंभराच्या आत. हॉटेलवाल्याला पळसाखालचा देव विचारला. त्यानं शांतपणे गौताळा अभयारण्याच्या दिशेला हात केला. "नाक्याच्या अलीकडं ओढा लागतो. ओढ्याच्या पल्याड पळस हाय. तिथंच."

पत्ता ऐकायला सोपा वाटला. प्रत्यक्षात ओढ्याच्या पल्याड पळस नव्हता, पळसच पळस होते. गाडी कडेला लावून काच खाली केली. झाडांवर औषधालाही पान नाही. वाकड्यातिकड्या काळ्या फांद्या आणि त्यांवर नुसता केशरी जाळ. खाली फुलांचा सडा, वर साळुंक्यांचा दंगा. इवलाले शिंजीर फुलांत चोच घालून उलटे लटकत होते. ऊन अजून कोवळं होतं आणि वाऱ्याला मोहाचा गोडसर वास होता.

"ह्यात ह्यांचा देव कुठला शोधायचा?" आई म्हणाली.

देव शोधायचा म्हणजे आपण काय शोधतो? शेंदूर. आम्हीही तेच शोधलं आणि लगेच सापडलंसुद्धा. ओढ्यापासून थोडं चढून गेल्यावर एका डेरेदार पळसाखाली गुडघ्याएवढा उभा शेंदरी दगड होता. भोवती फुलं पडलेली. मला तर गहिवरून आलं. बाबा इथं येऊन बसत असतील, असं वाटून मी दगडाभोवतीचा पाचोळा हातानं साफ केला. आईनं पाणी घातलं, हळदीकुंकू वाहिलं, केळीच्या पानावर दोन पुरणपोळ्या ठेवून तुपाची धार सोडली. दिवा-उदबत्ती लावून नारळ फोडला. सगळं यथासांग, पण चेहरा तहसील कचेरीत कागद जमा करणाऱ्या माणसासारखा.

"ह्यांचा शब्द होता. घ्या," ती दगडाला म्हणाली. मग मला, "हात तू जोड. मी फक्त पोचवायला आलेय."

मी हात जोडून डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर एक मेंढी पुरणपोळीकडे बघत होती.

"हाड, हाड!" मागून एक बाई धावत आली. माझ्याच वयाची, पदर खोचलेला, हातात काठी. मेंढ्यांचा अख्खा कळप पडलेली फुलं खात ओढ्याकडून वर येत होता. तिनं आधी मेंढीला बघितलं, मग आमचा नारळ, दिवा, हळदीकुंकू. तोंडाला पदर लावला.

"माय, इथं काय करू लागल्या?"

"नवस फेडू लागलो," आई जरा घुश्शातच म्हणाली.

"ह्या दगडाला? आवं, ह्यो फॉरेष्टचा दगड हाय. हद्दीचा. गेल्या साली रंग मारून गेले. मागून बघा, नंबर हाय."

मी मागं जाऊन बघितलं. पांढऱ्या रंगात चांगला ठसठशीत नंबर होता.

"लाजू नका ताई," ती मला म्हणाली. "नवा नवा रंग मारला तवा आमचा म्हातारा बी पाया पडला होता. दोन दिस कुणी सांगितलंच नाय त्याला."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. बाबांचा नवस, आईची पहाटेपासूनची मेहनत, आणि आम्ही तो वनखात्याच्या हद्दीला वाहिला! मी भीत भीत आईकडे बघितलं. ती दगडाकडे बघत होती.

"सरकारी कारभार," ती म्हणाली. "अर्ज इथं द्यायचा आणि साहेब बसणार दुसरीकडं."

आणि हसली. श्रावणापासून पहिल्यांदा. आधी बारीक, मग पोट धरून, मग खालीच बसून. मेंढ्यांची बाईही हसायला लागली आणि मीही. तिचं नाव सोनाबाई. हसू ओसरल्यावर आईनं तिला जवळ बसवून विचारलं, "मग खरा देव कुठं हाय?"

"आमच्यात दगड नसतो माय. माघ सरता सरता ह्या रानात ज्या पळसाला पयलं फूल येतं, त्या साली देव तिथं. बुंध्याला लोकरीचा दोरा बांधायचा. पुढल्या साली दुसरं झाड."

"दरसाली बदली?"

"व्हय. एका जागी बसून त्याला बी करमत नसंल."

बाबांच्या बदल्यांपायी तिनं कन्नड, वैजापूर आणि आणखी कुठली कुठली गावं, दर वेळी नवं बिऱ्हाड थाटत, पालथी घातली होती. "ह्यांना हा देव का आवडला, ते आता कळलं," ती म्हणाली.

पेच नैवेद्याचा होता. एकदा दाखवलेला नैवेद्य दुसऱ्या देवाला चालत नाही, हे आईच्या घरचं पक्कं शास्त्र. डब्यात आमच्या जेवणाच्या पोळ्या होत्या. त्यांतल्या दोन देवाच्या ठरल्या आणि दगडापुढच्या पोळ्या आम्ही तिघींनी सरकारी प्रसाद म्हणून वाटून घेतल्या. सोनाबाईनं एक तुकडा त्या मेंढीलाही दिला. उदबत्ती आणि दिवा पाणी घालून पूर्ण विझवला. रानात एक ठिणगीही पुरते, तेव्हा तुम्हीही हे विसरू नका.

देवाचं झाड निराळंच निघालं. ओढ्याच्या काठाला, बुटकं, एका बाजूला कललेलं, इतरांपेक्षा विरळ फुलांचं. पहिलं फुलल्यामुळे त्याचा बहर ओसरत आला होता. आपल्या मनानं शोधलं असतं, तर मी त्या झाडाकडे ढुंकूनही बघितलं नसतं. बुंध्याला काळा दोरा होता. आईनं पोळ्या ठेवल्या, तूप सोडलं आणि मला म्हणाली, "तू लांब जा."

मी सोनाबाईजवळ जाऊन उभी राहिले. ऐकू काही येत नव्हतं, दिसत मात्र होतं. आधी आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिचं बोट वर झालं. भाजीत किडकी वांगी निघाल्यावर भाजीवाल्याला झापते, तशी ती त्या झाडाला झापत होती. मधूनच वरून फुलं पडत होती, तिच्या केसांवर, खांद्यावर, पोळीवर. ती झटकत नव्हती. फुलांतून गाळून येणाऱ्या उन्हानं तिची पांढरट साडी केशरी दिसत होती.

"भांडू लागल्या का काय देवाशी?" सोनाबाईनं विचारलं.

"हो."

"बरं हाय. आपल्या माणसाशीच भांडत्यात."

मी तुम्हाला देवाचा पुरावा देऊ शकत नाही. पण त्या घटकेला मला तिथं तो असल्याची खात्री वाटली. मधमाश्यांच्या गुणगुणीत, ओढ्याच्या ओल्या वाळूत, त्या विटत चाललेल्या फुलांत तो निवांत बसून माझ्या आईच्या शिव्या ऐकत होता. मला फार आनंद झाला आणि रडूही आलं. आई परत आली तेव्हा डोळे लाल आणि चेहरा हलका.

"काय बोललीस?"

"तुला काय करायचंय? चल, भूक लागली."

परतताना कन्नडजवळच्या रसवंतीत तिनं दोन ग्लास उसाचा रस प्यायला, बिनबर्फाचा, आलं जास्त. हायवेनं आलो, तिसऱ्या प्रहरी घरी.

तुम्ही जाणार असाल तर होळीच्या आगेमागे जा, बहर फार दिवस टिकत नाही. ऊन तापायच्या आत पोचा, पाणी भरपूर घ्या, रेंजवर भरवसा ठेवू नका. नाक्याच्या आत अभयारण्यात जायचं असेल तर नोंद आणि पावती करावी लागते. फुलं तोडू नका, पडलेली भरपूर मिळतात. आणि आमच्या झाडाचा पत्ता विचारू नका. पुढच्या वर्षी तो चुकीचाच असणार.

खरं सांगते, घरी आल्यावर मला वाटलं होतं की दुसऱ्या दिवशी देवघर उघडेल. उघडलं नाही. आठवडा गेला, दारावर पंचा तसाच वाळत राहिला. मी हिरमुसले. एक छान सहल झाली, एवढंच पदरात पडलं म्हणायचं, असं मनाशी ठरवून टाकलं.

मग पाडव्याच्या आदल्या सकाळी लवकर जाग आली. गॅलरीचं दार उघडं होतं. आमच्या गॅलरीला लागून कडुनिंब आहे, तो मोहरानं पांढरा झाला होता आणि त्याचा मंद, कडूगोड वास घरभर पसरला होता. आई कठड्याला टेकून उभी होती. हातात पाण्याचा गडू, तोंड झाडाकडे. मी दाराआड थांबले. ती नेहमीच्या, कामाचं सांगतानाच्या आवाजात बोलत होती.

"...आणि नव्या जागी ह्यांना लवकर झोप लागत नाही. सांगायचे नाहीत हे, नुसते कूस बदलत राहतील. तूच विचार."