डोळ्यात बघून बोलायचा तास

"डोळे वर करून बोलायलीस व्हय? नजर खाली घे आधी."

संस्थेचे अध्यक्ष मला म्हणाले. सगळ्या हायस्कुलासमोर. माझ्या हातात माईक होता आणि तो चालू होता. त्यामुळं त्यांचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत गेलं.

मी नववीत होते. पुण्याहून एक मॅडम संवादकौशल्य शिकवायला तीन दिवस आमच्या बोरीला आल्या होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं: समोरच्याच्या डोळ्यात बघून बोला. मी घरी नेमकं उलटं शिकले होते. माझी माय अध्यक्षांच्या शेतात खुरपायला जायची. मालकाशी बोलायचं ते त्यांच्या पायाकडं बघून, ही आमच्या वस्तीची रीत. ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

मी तीन दिवस आरशापुढं सराव केला. मान खाली जायची, मी पुन्हा वर उचलायची. सगळ्यात चांगलं बोलते म्हणून मॅडमनी समारोपाचं आभाराचं भाषण मला दिलं. लय आनंद झाला होता मला. अध्यक्षांच्या थेट डोळ्यात बघून मी म्हणाले, "सर, आपण वेळ काढून आलात. आम्ही आभारी आहोत."

एवढाच माझा गुन्हा.

नजर खाली घे म्हणाले, तरी मी घेतली नाही. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"असं व्हय. तुझी माय बी माझ्यापुढं मान वर करत न्हाई."

पोरं हसली. मास्तरही हसले. मी मॅडमकडं बघितलं. वाटलं, आता त्या बोलतील. त्या बोलल्या.

"बाळ, समोरचा माणूस ओळखून बोलणं हेही कौशल्यच आहे. सॉरी म्हण सरांना."

अध्यक्षांचा आला नाही एवढा संताप मला त्या बाईचा आला. अध्यक्षांनी निदान कधी आत्मविश्वास शिकवला नव्हता.

"म्हणणार न्हाई," मी माईकमध्येच म्हणाले. "तुमीच शिकिवलं. मी बरोबर केलंय."

आठ दिवस मला वर्गाबाहेर उभं केलं. मायचं काम सुटलं. ती रडली आणि मला बोललीही, "तुझ्या तोंडापायी चूल इझली." तिचं खोटं नव्हतं. तरी मी माफी मागायला गेले नाही.

आज मी सोनपेठकडच्या एका हायस्कुलात हाच विषय शिकवते. पुस्तकात लिहिलंय, नम्रपणे बोललं की माणसं जोडली जातात. मी ते वाचून दाखवते आणि पुढं सांगते की काही माणसांना तुमची नम्रता नको असते, तुमची वाकलेली मान हवी असते. मान वर केली की त्रास होईल. घरच्यांनाही होईल. हे मी पोरींपासून लपवत नाही.

मी त्या दोघांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. माझ्या वर्गातल्या पोरीला माफी मागायला लावायचं असेल, तर आधी माझ्याशी बोलावं लागेल. मग नोकरी गेली तरी जाऊ दे.