हे भाकडाचं

म्हैस व्यायच्या आधी दोनेक महिने आटते. दूध थांबतं, तिला भाकड म्हणतात. पण तिचं खाणं काही थांबत नाही बघा, उलट पोटातल्या जिवासाठी पेंड जास्तच घालावी लागते. माझ्या सुनेला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दुधाचं बिल मिळालं की ती दूध सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणायची, "काका, ह्यातलं भाकडाचं काढून ठेवा." तेवढे पैसे तिच्या नावावर तिथंच राहायचे.

सून गेली. एवढंच लिहिते, पुढचं लिहवत नाही. म्हैस आणि सोसायटीतलं खातं नातीच्या नावावर झालं. नात उचगावातनं रोज कोल्हापूरला कॉलेजला जाते. धार मात्र आईसारखीच काढते, म्हशीशी काहीतरी पुटपुटत.

दर दहा दिवसांनी बिल यायचं आणि पोरीचा हात मोकळा सुटायचा. ड्रेस झाला, कानात घालायचं ते बिनवायरचं यंत्र झालं, मैत्रिणींना कॉकटेल आईस्क्रीम झालं. मी म्हणायचे, "अगं, पेंडीला ठेव की काहीतरी."

"आज्जी, पेंड सोसायटी देतीया की. मी कुठं पैसे मोजते?"

पोतं घरपोच यायचं, म्हणून तिला ते फुकटचं वाटत होतं. "ते तुझ्या आईनं ठेवलेल्यातनं येतंय," असं मी सांगितलंसुद्धा. पण कानात यंत्र. मान हलवली आणि बस पकडायला पळाली.

मग म्हैस आटली. पोतं आलं नाही म्हणून पोर सोसायटीत विचारायला गेली आणि परत येऊन दारातच बसली. "काका म्हणाले, आईनं ठेवलेलं संपलं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आज्जी, एवढे दिवस आईच तिला खायला घालत हुती व्हय गं?"

मी तिच्या केसांवरनं हात फिरवत बसले.

संध्याकाळी माझा मुलगा फौंड्रीतनं आला. सगळं ऐकून म्हणाला, "आई, म्हस विकूया. गाभण हाय, बरे पैसे येतील. रविवारी व्यापाऱ्याला बोलावतो."

"पप्पा, आईची म्हस हाय ती!"

"मग घाल की तिला खायला," म्हणाला आणि तोंड फिरवून हातपाय धुवायला गेला. त्याचंही चुकलं नव्हतं. त्याच्या पगारात घर भागतं, म्हैस भागत नाही.

थोडे पैसे माझ्याजवळ होते. हात सारखा कनवटीला जात होता. पण मी दिलं असतं, तर तेही पोत्यासारखं फुकटचंच झालं असतं की. कनवटी सोडली नाही. लई जड गेलं.

शनिवारी पोर कॉलेजातनं आली ती रिक्षात पेंडीचं पोतं घेऊन. कानातलं यंत्र मैत्रिणीला विकलं होतं. मुलानं पोतं उतरवून घेतलं आणि गोठ्यात नेऊन ठेवलं. रविवारी व्यापारी आला, मुलानं त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "पावणं, आत्ता न्हाय विकायची."

पण एक पोतं किती पुरणार? मी तिला गोठ्यात नेलं. "दूध देत न्हाय, पर शेण देतीया की."

"म्हंजे शेणी थापायच्या?" पोर आपल्या रंगवलेल्या नखांकडं बघायला लागली.

"नखं काढ आणि बस."

पहिल्या शेणी अशा वाकड्यातिकड्या, की मला हसू आवरेना. "आज्जी, हसू नगंस, डिझाइन हाय ते!" ऊन चांगलं होतं, वाळल्या. शहरात अजून आंघोळीच्या पाण्याला बंब पेटवणारी घरं आहेत, तिथं खपल्या. बांधावरचं गवत कापायला ती माझ्याबरोबर येऊ लागली. असं रेटत रेटत दिवस भरले आणि म्हशीला रेडी झाली. पहिल्या चिकाचा खरवस पोरीनं आधी आईच्या फोटोपुढं ठेवला.

पहिलं बिल आणायला मी तिच्याबरोबर गेले. सेक्रेटरीनं पैसे पुढं केले. तिनं हात लावला नाही.

"काका, ह्यातलं भाकडाचं काढून ठेवा."

त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं. "किती काढू, बाळ?"

"आई काढायची तेवढं."

उरलेलं मुठीत धरून बाहेर आली, चार पावलं गेली आणि थांबली. "आज्जी, ह्यातनं दोन कॉकटेल आईस्क्रीम बसतात काय गं?"

"बसतात की," म्हटलं. "चल."